लुटीत गेलेलं जहाज

शनिवारी दुपारी उत्कर्षा चादरीच्या कारखान्यातून घरी आली, तेव्हा तिच्या जहाजाची डोलकाठी तिच्या भाच्याच्या डोक्यावर आपटून चुरमुऱ्यांत पडत होती.

सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतलं त्यांचं घर. पुढच्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर पाट आणि पाटावर दीड वर्षाचा श्रीशैल. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते आणि उत्कर्षाच्या भावजयीनं, राजनंदिनीनं, लेकाचं बोरन्हाण ठेवलं होतं. पाच सवाष्णी वाट्या भरभरून त्याच्या डोक्यावरून लूट ओतत होत्या. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, गोळ्या. गल्लीतली दहा-बारा पोरं सतरंजीभोवती टपून बसलेली. ओतलं की झडप घालायची, खिसे भरायचे, पुन्हा टपायचं. दोघातिघांच्या तोंडात गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या पिपाण्या होत्या, त्या लुटतानाही वाजत होत्या. हे सगळं दर संक्रांतीला गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या घरी चालतंच. या खेपेला मात्र वाटीतून बोरांबरोबर तोफा पडत होत्या.

उत्कर्षाला आधी वाटलं, तसलंच दुसरं काही असेल. मग कवटीचं काळं निशाण श्रीशैलच्या मांडीवरून घरंगळलं आणि एका पोरानं ते उचलून चड्डीच्या खिशात कोंबलं. मागोमाग लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं शीड. मग माकड. ती दारातच उभी राहिली, एका पायात चप्पल तशीच.

तेवढ्यात श्रीशैलनं काहीतरी चिमटीत धरून तोंडात घातलं. उत्कर्षानं हातातली पिशवी टाकली, पोरांच्या डोक्यांवरून टांग टाकली आणि त्याच्या जबड्यात बोट घालून ते बाहेर काढलं. नखाएवढं सोनेरी नाणं होतं, चाच्यांच्या खजिन्यातलं. श्रीशैलनं भोकाड पसरलं. पिपाण्या थांबल्या.

"काय हो ताई," राजनंदिनी लेकराला उचलत म्हणाली, पाचही सवाष्णींना ऐकू जाईल अशा बेतानं, "असल्या बारक्या वस्तू घरात आणताच कशाला? घशात अडकलं असतं म्हणजे?"

घ्या. म्हणजे वस्तू हिची, हिला न विचारता घेतली, दीड वर्षाच्या पोराच्या अंगावर ओतली, हिनंच त्याच्या तोंडातून काढली, आणि दोषही हिचाच. उत्कर्षाची कानशिलं तापली. पण पाहुण्यांच्या देखत तोंड उघडायचं नाही, हे वळण तिला लहानपणापासून रगडून लावलेलं होतं. ती आत गेली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बायका हळदीकुंकू घेऊन जाईपर्यंत ओट्याशी दात आवळून उभी राहिली.

आता या जहाजाचं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. नाहीतर वाटेल, चांगली शिकलीसवरलेली, एक्केचाळीस वर्षांची बाई प्लास्टिकच्या तुकड्यांवरून का पेटावी? घरातल्यांना तसंच वाटलं.

उत्कर्षा दहा वर्षांची असताना आबासाहेब मामा मस्कतहून सुट्टीवर आले होते. धाकट्या युवराजसाठी त्यांनी हे एवढं मोठं खोकं आणलं. ठोकळ्यात ठोकळा बसवून करायचं समुद्री चाच्यांचं जहाज. उत्कर्षासाठी केसांचे चाप आणले, एका पुठ्ठ्यावर लावलेले बारा. खोक्यावर लिहिलं होतं, आठ वर्षांवरील मुलांसाठी. युवराज सहाचा होता. पहिल्या दिवशी त्यानं दोन ठोकळे चावले, दुसऱ्या दिवशी तोफ बसेना म्हणून रडला आणि तिसऱ्या दिवशी बॅट घेऊन गल्लीत पळाला. जहाज बांधलं उत्कर्षानं. शाळेतून आली की माळ्याखालच्या कोपऱ्यात बसायची, पुस्तिकेतलं चित्र बघायची, तुकडा शोधायची, बसवायची. अकरा दिवस लागले. शीड चढलं, निशाण लागलं, लाकडी पायाचा कप्तान सुकाणूपाशी उभा राहिला. त्या संध्याकाळी ती जेवायलासुद्धा उठेना.

बाराव्या दिवशी आई म्हणाली, "युवराजचं हाय ते, त्याला दे. पोरीच्या जातीला काय करायचीय चोरांची नाव?"

युवराजनं ती चोरांची नाव हौदात सोडली. ती बुडाली, काढताना मोडली, उरलेली भंगारात गेली. उत्कर्षाचे चाप मात्र पुढं चारपाच वर्षं टिकले.

वडील गेल्यावर ती चादरीच्या कारखान्यात डिझाइनच्या कामाला लागली. संगणकावर बारके बारके चौकोन भरायचे. असे हजारो चौकोन भरले की चादरीवर एक मोर उतरतो. मोर साहेबांच्या पसंतीचा, रंग व्यापाऱ्याच्या पसंतीचे. एकदा तिनं किनारीला लाटा काढून दाखवल्या होत्या. साहेब म्हणाले, "मॅडम, सोलापुरात समुद्र कुठून आणला? मोर काढा की." तिनं मोर काढला. अशी सतरा वर्षं ती मोर काढत होती, त्यावर युवराजचं शिक्षण झालं, त्याचं लग्न झालं, घराला वरचा मजला झाला. तिचं लग्न जमवायचं राहून गेलं असं आई पाहुण्यांना सांगायची, जसं काही दळण आणायचं राहून गेलं.

आणि मग एक दिवस मोबाइलवर तिला ते दिसलं. तीस वर्षांनी तसलंच जहाज पुन्हा बाजारात आलं होतं. तेव्हा जी पोरं होती आणि आता ज्यांचे केस पिकायला लागलेत, त्यांच्यासाठीच म्हणे. जगभरातली टकलू माणसं ते बांधून फोटो टाकत होती. या खोक्यावर लिहिलं होतं, अठरा वर्षांवरील. उत्कर्षानं त्याच बसल्या बैठकीत मागवलं.

खोकं आलं तेव्हा दार नेमकं युवराजनं उघडलं. "ताई, एवढं काय मागवलंस?"

इथं उत्कर्षानं माती खाल्ली. सरळ सांगायचं होतं, माझं आहे. पण जीभच वळेना. तोंडातून निघून गेलं, "श्रीशैलला. मोठा झाला की खेळेल." श्रीशैल तेव्हा तीन महिन्यांचा होता, त्याला धड मानसुद्धा धरता येत नव्हती.

मग काय, झालं. एका खोट्यापायी सव्वा वर्ष खोटं. दर रविवारी ती आपल्या खोलीत जहाज बांधायची आणि कुणी डोकावलं की म्हणायची, तुकडे पूर्ण आहेत का बघते. पूर्ण झालं की महिनाभर टेबलावर ठेवायची, मग मोडून पुन्हा पहिल्यापासून. आई विचारायची, "अजून तुकडंच बघतीस व्हय?" "एक कमी वाटतोय," असं उत्कर्षा सांगायची. पण शीड चढवताना तिला जे वाटायचं ते मोर भरताना सतरा वर्षांत कधी वाटलं नव्हतं. त्या जहाजावर कुणी कुणाची परवानगी काढत नव्हतं. कप्तानाला एक पाय नव्हता, तरी त्याचं काही राहून गेलंय असं कुणी म्हणत नव्हतं. ती तासन् तास नुसती बघत बसायची आणि सोमवारी कामावर जायची.

बोरन्हाणाला पाहुण्यांचं सामान ठेवायला तिची खोली लागणार होती, म्हणून तिनंच जहाज मोडलं. रंगारंगाचे तुकडे वेगळे करून छोट्या पिशव्यांत भरले, पिशव्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि डबा फळीवर ठेवला. तिथंच घात झाला.

पाहुण्या गेल्या. युवराज सतरंजी झटकत होता. आई कोपऱ्यात बसून सांडलेली बोरं परातीत गोळा करत होती. उत्कर्षा बाहेर आली आणि तिनं रिकामा डबा आईसमोर आदळला.

"हा कुणी काढला?"

"मी," आई म्हणाली. "का गं?"

"का गं काय? त्यात काय होतं ते बघितलंस का?"

"बगितलं की. बारक्या बारक्या पिशव्या. तांबडं एकीकडं, पिवळं एकीकडं, सोन्याचे पैसे निराळे. मला वाटलं आत्यानं लुटीला आणलंय, निवडूनसुदिक ठिवलंय. लुटीत आत्याचा मान असतोय की. मला तर लई कौतुक वाटलं तुजं."

आई खरंच तोंडभरून सांगत होती. तिच्यावर ओरडावं तर कुठल्या तोंडानं ओरडावं, हे उत्कर्षाला कळेना, म्हणून ती राजनंदिनीकडे वळली.

"आईला माहीत नव्हतं, मान्य. तुला माहीत होतं. तू माझ्या टेबलावरून फडका मारतेस. उभं जहाज तू बघितलंयस, नंदिनी."

"बघितलंय की." राजनंदिनी श्रीशैलच्या अंगातलं झबलं काढत होती. "पण तुम्हीच सांगितलं होतं, श्रीशैलचं आहे. त्याची वस्तू त्याच्या डोक्यावरून ओतली. आमचं काय चुकलं?"

उत्तर बिनतोड होतं. म्हणूनच ते मिरचीसारखं झोंबलं.

"ताई, सोड ना आता," युवराज म्हणाला. "नवीन मागवू. प्लास्टिकच तर आहे."

"ते माझं होतं."

"तुझं म्हणजे?"

"माझं म्हणजे माझं. श्रीशैलचं नव्हतंच कधी. मी माझ्यासाठी मागवलं. मी बांधते, मी मोडते, मी खेळते त्याच्याशी."

सव्वा वर्ष अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं आणि युवराज हसला. वाईट मनानं नाही हो. गंमत वाटली म्हणून हसला, थोरल्या बहिणीनं बोबडं बोलून दाखवल्यावर हसावं तसा. उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डबा उचलला, कोपऱ्यातली चप्पल पायात सरकवली.

आईच्या लक्षात आलं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि दारात आडवी झाली. "कुटं निगालीस? लुटलेलं परत मागत न्हाईत उत्कर्षे. लेकराची इडापिडा जाती त्या लुटीबरुबर. ती घरात परत आणतीस व्हय?"

"इडापिडा नाही ती. माझी वस्तू आहे." आणि आईचा हात बाजूला करून ती पायऱ्या उतरली.

पहिल्या घरात पोराच्या आईनं हसत हसत दार उघडलं. "घ्या की परत. पण श्रीशैलला एवढ्यात कशाला देताय? बारीक आहे अजून."

"श्रीशैलला नाही. मला पाहिजेत."

"तुम्हाला?"

"मला."

पहिल्यांदा ते म्हणताना तिनं नजर डब्यावरच ठेवली. दुसऱ्या घरात जरा बरं गेलं. तिसऱ्या घरातली बाई म्हणाली, "मॅडमना नाद दिसतोय," तेव्हा उत्कर्षा नुसतं "आहे" म्हणाली आणि डबा पुढं केला.

एक गोष्ट मात्र तिनं घराघरात पाहिली आणि तिचा राग जास्तच पेटला. गोळ्या, बिस्किटं, उसाचे करवे, सगळी लूट तशीच ताटात पडलेली. पोरांनी दडवून ठेवले होते ते फक्त तिचे तुकडे. एकानं तोफा कंपासपेटीत घातलेल्या. एकानं माकड उशीखाली. ज्यानं निशाण पळवलं होतं त्यानं ते खराट्याच्या काडीला बांधून गच्चीच्या कठड्यात खोचलं होतं, आणि ते मागितल्यावर असा रडला की जसं काही त्याचं घरच लुटलं. कुणी शिकवलं होतं या पोरांना? समुद्र बघितलेला नाही, चाच्यांचं नाव ऐकलेलं नाही. पण कवटीचं निशाण हातात आलं की काय करायचं ते त्यांना बरोबर कळलं होतं. एवढ्याएवढ्या पोरांना कळतं, आणि आपल्या घरातल्या तीन मोठ्या माणसांना कळत नाही, याचा तिला संताप येत होता.

शेवटचं घर शरणम्मांचं. शरणम्मा अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, गल्लीत मराठी. त्यांनी काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आत कॉटवर त्यांचे यजमान रुद्रप्पा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. शेजारी नात अपेक्षा, नऊ वर्षांची. दोघांच्या मधे जहाजाचा अर्धा सांगाडा उभा होता. पुस्तिका नव्हती, चित्र नव्हतं, निम्मे तुकडे दुसऱ्या घरांत, तरी दोघांनी काडेपेटीची खोकी लावून मधली जागा भरून काढली होती. कप्तान काडेपेटीवर उभा होता.

"या, या," रुद्रप्पा म्हणाले. "हे चाक फिरतंय बघा. मी एकतीस वर्षं गाडी चालवली. सोलापूर-अक्कलकोट, अक्कलकोट-सोलापूर. डोळे मिटून खड्डे सांगतो. आणि याला बघा, रस्ताच नाही. वळव म्हटलं की वळलं. मला तर दुपारपासून उठावंसंच वाटेना झालंय."

उत्कर्षाच्या मनात आलं, बसावं. हे कुठं चुकतंय ते यांना दाखवावं, ती फळी उलटी बसलीय. पण ती बसली नाही. "काका, मला परत पाहिजे ते."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. माझं आहे."

रुद्रप्पा हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "मग द्यायलाच पाहिजे," ते म्हणाले आणि सांगाड्यावरचा हात काढून घेतला.

अपेक्षानं मात्र दोन्ही हातांनी सांगाडा पोटाशी धरला. "मी लुटलंय. लुटलेलं परत देत नाहीत."

"ज्याचं लुटलंस त्याला कुणी विचारलं नव्हतं."

"चाचे विचारतात का?"

कार्टी खरं बोलत होती. दहा वर्षांची उत्कर्षा असती तर तिलाही हेच बोलायचं होतं, पण ती गप्प बसली आणि जहाज हौदात गेलं. म्हणून उत्कर्षाला पोरीचा राग आला, कौतुकही वाटलं, आणि राग जास्त होता. "नाही विचारत," ती म्हणाली, "म्हणून मीही विचारत नाही." तिनं सांगाडा काढून घेतला. काडेपेट्या तेवढ्या कॉटवर ठेवल्या. अपेक्षा भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

"पुढच्या रविवारी ये," उत्कर्षा दारातून म्हणाली. "सकाळी. मिळून बांधू. घरी न्यायचं नाही."

पोरीनं काही मान वळवली नाही. उत्कर्षाही थांबली नाही.

त्या संध्याकाळी घरात कुणी तिच्याशी बोललं नाही. तिनंही कुणाला बोलावलं नाही. तुकडे धुतले, टॉवेलवर पसरले, पुसून डब्यात भरले. दोनचार नाणी आणि कप्तानाचा पोपट सापडले नव्हते. ठीक आहे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीशैलचं अंग कढत लागलं.

युवराज त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. घसा लाल आहे, काल गोडधोड जास्त झालं असणार, दोन दिवसांत उतरेल, असं सांगून डॉक्टरांनी औषध दिलं. म्हणजे विषय संपायला हवा होता. पण आई सकाळपासून देवासमोर बसली होती, ती उठली आणि सरळ उत्कर्षाच्या खोलीत आली.

"बगितलंस? म्या काल काय सांगत हुते? लुटलेलं घरात आणलंस. आता तो डबा उचल आनि वाटून टाक सगळं गल्लीत. न्हायतर पोरं बोलवून परत ओतू लेकराच्या अंगावरनं. पर ते घरात ठिवायचं न्हाय."

"आई, घसा आलाय त्याचा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरला काय कळतंय?"

युवराज लेकराला खांद्यावर घेऊन आईच्या मागं उभा राहिला होता. "ताई," तो म्हणाला, "माझा काही विश्वास नाही असल्या गोष्टींवर. पण आईच्या समाधानासाठी देऊन टाक ना. मी दुसरं मागवतो, चार दिवसांत येईल."

त्याचा विश्वास असता तर एक वेळ तिनं ऐकून घेतलं असतं. आईचा होता, ती आजीच्या भीतीत वाढलेली बाई होती. पण हा इंजिनिअर, उत्कर्षाच्या मोरांवर शिकलेला, कशावर विश्वास नसलेला, तरी द्यायचं ते ताईनंच. समाधान आईचं, पोरगं त्याचं आणि वस्तू तेवढी ताईची. तिच्या आत काहीतरी खटकन तुटलं.

"आई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "माझं बोरन्हाण केलं होतंस?"

"काय?"

"माझं. युवराजचा फोटो आहे मुकुट घातलेला. माझा कुठंय?"

आई पदर चाचपायला लागली. "तवा पोरींचं कुटं करत हुते आपल्यात. तुजी आजी म्हनली, पोरीचं काय करायचं."

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हननार. मला कोन इचारत हुतं."

उत्कर्षा उठली. स्वयंपाकघरातून पाट आणला. सतरंजी अजून पुढच्या खोलीत गुंडाळून ठेवलेली होती, ती अंथरली, तिच्यावर पाट मांडला आणि साडीचा घोळ आवरून पाटावर बसली. डबा आईसमोर सरकवला.

"लूट परत ओतायची आहे ना? ओत. माझ्या डोक्यावरून ओत."

"येड लागलंय का तुला? चाळिशीची बाई तू."

"एक्केचाळीस. उशीर तुझ्याकडून झालाय, माझ्याकडून नाही."

"ताई, हे काय चालवलंय," युवराज म्हणाला.

"तू गप्प बस. आई, तू ओतल्याशिवाय मी इथून उठणार नाही. भाकरी होणार नाहीत, उद्या कामावर जाणार नाही. बसून राहीन."

राजनंदिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती पुढं आली आणि तिनं डबा उचलला. "आत्याबाई, राहू द्या तुम्ही," ती सासूला म्हणाली. "मी ओतते."

"नाही नंदिनी. आई ओतेल."

आई एक पाऊल मागं सरली. "माजा हात चालत न्हाय गं. विधवेच्या हातनं असलं करत न्हाईत. म्हाईत हाय की तुला."

"माहीत आहे. काल सगळी लूट तूच मिसळलीस. बोरं तू धुतलीस, करवे तू तोडलेस. आणि ओतायची वेळ झाली तेव्हा तुला कोपऱ्यात बसवून पाच परक्या बायकांनी ओतलं. मी बघितलं. मला तेव्हाही राग आला होता. त्यांच्या देवाला तुझा हात चालत नसेल. माझ्या डोक्याला चालतो."

श्रीशैल बापाच्या खांद्यावरून उत्कर्षाकडे टकामका बघत होता. आईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पाटाकडे. मग तिनं राजनंदिनीच्या हातातला डबा जवळजवळ हिसकावून घेतला.

तिनं वाटी घेतली नाही, की हळूहळू ओतलं नाही. आख्खा डबा उत्कर्षाच्या डोक्यावर उपडा केला, रागारागानं, खळाळ करत. तोफा, फळ्या, शिडाचे दांडे, चाचे, माकड, खजिन्याची पेटी, सगळं तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, मांडीवर आणि सतरंजीवर कोसळलं. टाळूला काहीतरी टोकदार लागलं. उत्कर्षानं डोळे घट्ट मिटले होते, पण ती हलली नाही.

"झालं समाधान?" आई धापा टाकत म्हणाली.

आईनं रिकामा डबा खाली ठेवला. आणि वळून जायच्या ऐवजी वाकून तिनं दोन्ही हात उत्कर्षाच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बोटं मोडल्यावर तिला कळलं असावं आपण काय केलं ते. हात कानशिलांवर तसेच ठेवून ती मटकन सतरंजीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मला बी कराचं हुतं गं तवा. म्या काळं कापडसुदिक आणलं हुतं."

उत्कर्षानं डोळे उघडले. चाळीस वर्षं हे कधी सांगितलं नाहीस, असं तिला ओरडून विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. मांडीवरचं एक शीड उचलून तिनं पाटाशेजारी ठेवलं, मग एक तोफ, मग दुसरी.

कप्तान घरंगळत युवराजच्या पायापाशी गेला होता. तो वाकला, त्यानं कप्तान उचलला आणि त्याचा लाकडी पाय अंगठ्यानं फिरवून बघायला लागला.

"युवराज," उत्कर्षा म्हणाली, "खाली ठेव. माझं आहे ते."

त्यानं ठेवलं.